गप्पी: टाकी मांडण्यापासून पुढच्या पिढीपर्यंत

गप्पी हा नवशिक्यांचा मासा, असं सगळेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मुरलेल्या टाकीत गप्पी फारशी कुरकुर करत नाहीत आणि दर महिन्याला पिल्लंही देतात. पण काल पाणी भरून आज मासे सोडलेल्या टाकीत हाच ‘सोपा’ मासा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकेक करून मरतो. मग बहुतेक जण पुन्हा मासे आणतात आणि तेही मरतात.

शिकायच्या गोष्टी खरं तर दोनच आहेत: पाणी सांभाळणं, आणि नर-मादी योग्य वेळी वेगळे करणं. पैदास गप्पी स्वतःच करतात. ती आवरणं आणि हवी तशी वळवणं हे काम आपलं.

१. आधी सामान जमवा, मासे नंतर

- ४० ते ६० लिटरची काचेची टाकी, झाकणासह. गप्पी उडी मारतात, त्यामुळे झाकण हवंच.
- एअर पंप, नळी, उलटं पाणी येऊ न देणारा व्हॉल्व्ह आणि स्पंज फिल्टर.
- थर्मामीटर. खोली थंड पडत असेल तर थर्मोस्टॅट असलेला हीटर, लिटरमागे साधारण १ वॅट.
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजायचं टेस्ट किट. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट जास्त भरवशाचं.
- क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही काढणारं वॉटर कंडिशनर.
- सायफनची नळी, फक्त टाकीसाठी राखून ठेवलेली बादली, मऊ जाळी.
- जावा मॉस, हॉर्नवर्ट किंवा तरंगणाऱ्या दाट वनस्पती.
- १५–२० लिटरची दुसरी टाकी. साधा प्लॅस्टिकचा डबाही चालतो.

शेवटची वस्तू लोक टाळतात आणि नंतर हळहळतात. नवे मासे वेगळे ठेवायला, आजारी माशाला औषध द्यायला, पिल्लं वाढवायला अशी तीनदा तरी ती लागतेच.

गोल काचेचं भांडं घेऊ नका. त्यात फिल्टर नीट बसत नाही, पाण्याचं तापमान खोलीबरोबर वरखाली होतं, आणि थोड्या पाण्यात घाण लगेच साचते. टाकी मोठी तितकी चूक पोटात घालते, म्हणून नवख्याने लहान टाकी घेण्यात शहाणपण नाही. मात्र ६० लिटरची टाकी खडी-पाण्यासह सत्तर किलोच्या वर जाते. सपाट, भक्कम जागा आधी बघा, कारण भरलेली टाकी हलवता येत नाही.

२. पाणी: गप्पीला ‘शुद्ध’ नको, खनिजं असलेलं हवं

गप्पीला २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमान, ७ ते ८ च्या दरम्यान पीएच आणि मध्यम ते जड पाणी मानवतं. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी बघून लोक घाबरतात, पण गप्पीसाठी तेच बरं.

उलट पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी ‘स्वच्छ’ म्हणून थेट टाकीत ओतलं, तर मासे पंख मिटून एका जागी थरथरत राहतात. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच अचानक घसरू शकतो. आरओशिवाय पर्याय नसेल तर त्यात साधं पाणी मिसळा, नाहीतर फिल्टरजवळ पोवळ्याचा चुरा किंवा कटलबोनचा (कटलफिशच्या आतल्या चुनखडी कवचाचा) तुकडा ठेवा. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो, त्यात कॅल्शियम किती आणि मीठ किती ते सांगत नाही.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन एक-दोन दिवस हवा मारत ठेवलं की उडून जातं. क्लोरामाइन तसं उडत नाही, त्याला कंडिशनर लागतो. आपल्या नळाला काय घालतात हे ठाऊक नसेल तर दर वेळी कंडिशनर घालायचा.

आकड्यांमागे मात्र फार धावू नका. पीएच ७.८ असेल तर तो ७.२ वर आणायची द्रावणं विकत घेऊ नयेत. ७.८ वर ठाम राहिलेलं पाणी रोज डोलणाऱ्या ‘आदर्श’ पाण्यापेक्षा गप्पीला कितीतरी बरं.

३. टाकी सायकल करा, म्हणजे तिच्यात उपयोगी जिवाणू वसवा: इथे घाई म्हणजे मासे गमावणं

माशांची विष्ठा, श्वसन आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतो, म्हणून एअर पंप जोरात चालू असतानाही मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं, पाणी बदलून आटोक्यात राहतं. हे जिवाणू स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करतात, आणि नव्या टाकीत ते नसतात. ‘पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं, मग मासे मेले कसे?’ याचं उत्तर हेच. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

गप्पींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की तो जवळपास दहापट होतो. म्हणजे जे अल्कधर्मी पाणी गप्पीला आवडतं, त्यातच अमोनिया जास्त घातक ठरतो.

करायचं असं:

फिल्टर आणि हवा चालू करा, तापमान २६–२८ अंशांवर ठेवा. मासे सोडू नका. सुगंध किंवा साबण नसलेलं साधं अमोनियाचं द्रावण थेंबाथेंबाने घालून किटवर २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) आसपास आकडा आणा. द्रावणाची बाटली हलवल्यावर फेस टिकून राहिला तर त्यात साबण आहे, ते वापरू नका. द्रावण मिळालंच नाही तर रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून कुजू द्या. ही पद्धत ओबडधोबड आहे, पण चालते.

काही दिवसांनी अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं. मग नायट्राइटही उतरतं. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि त्याच वेळी नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी तयार. मोठा पाणीबदल करून नायट्रेट उतरवा आणि मग मासे आणा. एरवी याला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला, तर ते विरजण लावल्यासारखं काम करतं आणि वेळ बराच वाचतो.

मध्येच पाणी दुधाळ होईल. तो जिवाणूंचा बहर असतो, आपोआप निवळतो. तो बघून सगळं पाणी फेकून टाकी घासून काढली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

टाकी तयार झाल्यावरही एक पथ्य कायमचं: स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात तो दोन-तीनदा पिळायचा, बस.

४. मासे निवडणं आणि घरी आणणं

आधी टाकी बघा, मासा नंतर. एकही मेलेला किंवा पंख मिटलेला मासा दिसला तर त्या टाकीतलं काहीच घेऊ नका, कितीही देखणं असो. विक्रेत्याला खाणं टाकायला सांगा, निरोगी गप्पी लगेच झेपावतात. खपाटीला गेलेलं पोट, वाकडा कणा, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, गुदद्वारातून डोकावणारे लाल धागे यांतलं काहीही दिसलं तर नको. झेंड्याएवढ्या शेपटीचे नर पहिल्या खेपेला टाळावेत असं मला वाटतं. शेपटीच्या ओझ्याने ते हळू पोहतात, आणि तीच शेपटी आधी फाटते, कुजते.

एका नरामागे दोन-तीन माद्या असं प्रमाण ठेवा. नर दिवसभर मादीच्या मागे असतात. एकच मादी असेल तर तिला विसावा मिळत नाही. पिल्लं नकोच असतील तर फक्त नर ठेवा, रंग तर त्यांचेच असतात. ‘फक्त माद्या ठेवतो’ हा हिशेब मात्र फसतो, कारण एकत्र टाकीतून आणलेली वाढलेली मादी बहुधा गाभणच असते.

सोबतीला लहान कोरिडोरास (तळाशी राहणारे मासे) किंवा गोगलगायी चालतात. टायगर बार्ब शेपट्या कुरतडतात, एंजल मासे पिल्लं गिळतात. बेट्टा रंगीत शेपटीच्या नराला प्रतिस्पर्धी समजू शकतो, त्याला नकोच.

घरी आल्यावर पिशवी १५–२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. जवळून आणलेले मासे असतील तर पिशवीत थोडं थोडं टाकीचं पाणी मिसळा, मग जाळीने मासे सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. मासे पार्सलने लांबून आले असतील तर रीत वेगळी. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली गेलेला असतो आणि साचलेला अमोनिया त्यामुळे निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडली की पीएच वर सरकतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी बंद पिशवीचं तापमान जुळवा, ती उघडा आणि मासे लगेच काढून घ्या.

नवे मासे तीन-चार आठवडे दुसऱ्या टाकीत. पहिलीच टाकी असेल तर हा नियम तेव्हापुरता लागू नाही, पुढच्या प्रत्येक माशाला मात्र लागू.

५. रोजचं आणि आठवड्याचं काम

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला आणि बारीक असतं, म्हणून फ्लेक्स किंवा दाणे चुरून टाका. आलटून पालटून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) आणि स्पिरुलिना असलेलं खाणं द्या. केशरी-लाल छटा मासा खाण्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून बनवतो, नुसत्या स्वस्त दाण्यांवर तो फिका पडतो. आठवड्यात एक दिवस उपास घडला तरी काही बिघडत नाही.

दर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदला, सायफनने तळाची घाण ओढून घ्या, आणि नवं पाणी जवळपास त्याच तापमानाचं घाला. वाफ झालेलं पाणी भरून काढणं म्हणजे पाणीबदल नव्हे. वाफेबरोबर क्षार आणि नायट्रेट जात नाहीत, मागेच साचतात. दिवा ८–१० तास पुरे.

६. नर, मादी आणि गाभणपण

नर लहान, सडपातळ, रंगीत. त्याच्या पोटाखालचा पर काडीसारखा लांब असतो, त्यानेच तो मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. मादी मोठी, गोलसर, तिचा तोच पर पंख्यासारखा. तिच्या गुदद्वाराजवळ गडद डाग असतो. गाभण काळात तो मोठा आणि काळसर होतो, आणि फिकट रंगाच्या माद्यांमध्ये शेवटी पिल्लांचे डोळेही दिसतात.

गाभणपण साधारण तीन ते साडेचार आठवडे चालतं. पाणी उबदार असेल तर लवकर, थंड असेल तर उशिरा. पोट गोल असतं तोवर वेळ आहे. ते समोरून चौकोनी दिसायला लागलं, मादी कोपरा धरून बसली, खाणं सोडलं, की एक-दोन दिवसांची गोष्ट. पहिल्या खेपेला चार-दहाच पिल्लं होतात. वाढलेली मादी वीस ते पन्नास देते, क्वचित शंभरच्या वर.

मादी एकदा मिळालेले शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते आणि नर समोर नसतानाही एकामागून एक वेत देते. तुम्ही आणलेल्या निळ्या नराशेजारी ती मादी राहिली, तरी पहिल्या वेतांचा बाप दुकानातल्या टाकीतला कुणीही असू शकतो. पिल्लांचे रंग बघून चक्रावण्याआधी हे ध्यानात घ्या.

७. पिल्लं वाचवणं आणि वाढवणं

आई पिल्लं खाते, बापही खातो. म्हणून लोक गाभण मादीला टाकीत अडकवायच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये कोंडतात. मला ती डबी पटत नाही. जागा अपुरी, पाण्याची ये-जा कमी, आणि शेवटच्या दिवसांत जाळीने पकडलं की मादी बिथरून अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकू शकते. त्याऐवजी दोन मार्ग आहेत. टाकीचा एक कोपरा जावा मॉस आणि तरंगत्या वनस्पतींनी गच्च भरा आणि पिल्लं दिसतील तशी कपाने उचलून वेगळी करा. किंवा मादीला वेताच्या आठवडाभर आधीच वनस्पती भरलेल्या वेगळ्या टाकीत न्या, आणि पिल्लं झाल्यावर तिला बाहेर काढा. पिल्लांच्या टाकीत फक्त स्पंज फिल्टर हवा, शोषून घेणारे फिल्टर पिल्लांसकट ओढतात. आणि तो स्पंज मुख्य टाकीत आधीच काही आठवडे फिरलेला असावा, नाहीतर तिसऱ्या पायरीची कहाणी इथे पुन्हा घडते.

पिल्लं जन्मतःच पोहतात आणि पहिल्या दिवसापासून खातात. कपड्यातून गाळलेली फ्लेक्सची पूड चालते. पण नुकत्याच उबवलेल्या आर्टेमियावर वाढलेलं पिल्लू आणि पुडीवर वाढलेलं पिल्लू यांत महिन्याभरात डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो. उबवणं अवघड नाही:

- एक लिटर पाण्यात २५–३० ग्रॅम मीठ विरघळवा. उलट्या धरलेल्या बाटलीत तळापासून हवा सोडा.
- पाव ते अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी घाला. २६–२८ अंश तापमान आणि उजेड ठेवा.
- २४ ते ३६ तासांत केशरी ठिपके हलताना दिसतील.
- हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर येतात, जीव तळाशी उजेडाकडे गोळा होतात. तेवढेच नळीने काढा, बारीक कापडात गाळा, गोड्या पाण्यात धुवा, आणि टाका.

टरफलं सोबत आली तर पिल्लांना ती पचत नाहीत. आणि उबल्यानंतर लवकर खायला घाला, कारण जसजसे तास जातात तसतसा त्या जिवांमधला बलकाचा साठा संपतो.

दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं म्हणजे घाणही तेवढीच. पिल्लांच्या टाकीचं पाणी आठवड्यात दोन-तीनदा, थोडं थोडं बदला. पिल्लांची वाढ खुंटण्याचं कारण बहुधा दाटी आणि जुनं पाणी असतं, कमी खाणं नव्हे.

८. वेगळं करा, मग निवडा

नवखे जिथे थांबतात ती ही पायरी. टाकीत सगळं एकत्र सोडलं तर तीन-चार पिढ्यांत मासे बारके आणि मळखाऊ रंगाचे होतात. सगळ्यात आधी वयात आलेले नर सगळ्यात आधी जुळतात, आणि वयात आल्यावर नराची वाढ जवळपास थांबते. म्हणजे नकळत तुम्ही बारक्या नरांचीच निवड करत राहता.

तीन आठवड्यांपासून पिल्लं भिंगाने तपासायला लागा. माद्यांमध्ये गडद डाग दिसू लागतो, नरांचा पोटाखालचा पर निमुळता व्हायला लागतो. चौथ्या आठवड्याच्या आत नर एका टाकीत, माद्या दुसऱ्या टाकीत. ज्याबद्दल शंका वाटेल तो नरांकडे टाका. नरांमध्ये चुकून गेलेली मादी फक्त स्वतः बाद होते, पण माद्यांमध्ये राहून गेलेला एक नर सगळी टाकी बाद करतो.

मग तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत थांबा. नर निवडताना आकार, ताठ पाठ, पोहण्यातला जोर आधी पाहा, रंग शेवटी. बरेचसे रंग नराच्या वाय गुणसूत्रावरून बापाकडून मुलाकडे जातात. १९२० साली डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी हे गप्पीतच दाखवलं, आणि नंतर ओइविंड विंगे या दुसऱ्या शास्त्रज्ञाने ते पुढे नेलं. पण यावरून मादी कोणतीही चालेल असं समजू नका. शेपटीचा रंग-आकार आणि अंगाची मूळ छटा यांत तिचाही वाटा असतो, फक्त तो तिच्या अंगावर दिसत नाही. म्हणून त्याच नराच्या सख्ख्या किंवा जवळच्या बहिणी ठेवणं उत्तम.

नात्यात जोड्या लावत गेलं की काही पिढ्यांनी वेत लहान होतात, वाकडी पिल्लं वाढतात. त्यावर जुना उपाय म्हणजे एकाच जातीच्या दोन ओळी वेगवेगळ्या टाक्यांत चालवायच्या आणि अधूनमधून एकीचा नर दुसरीला द्यायचा. टाकीवर चिठ्ठी आणि वहीत तारीख लिहाच, दोन महिन्यांनी कोण कुणाचं हे आठवत नाही. आणि एंडलर मासे गप्पींच्या टाकीत ठेवू नका. दोघांचा संकर होतो, तो पुढे पिल्लंही देतो, आणि दोन्ही ओळी हातच्या जातात.

९. आजार: आधी पाणी मोजा, औषध नंतर

पंख मिटलेले दिसले की पहिली धाव टेस्ट किटकडे. बऱ्याच वेळा आजार सापडत नाही, अमोनिया सापडतो, आणि पाणीबदल हेच औषध ठरतं.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील तर व्हाइट स्पॉट. परजीवी माशाच्या अंगावर असताना औषधाला दाद देत नाही, पाण्यात मोकळा पोहताना मरतो. त्यामुळे ठिपके गेले तरी औषधाचा क्रम पूर्ण करा. पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा पटकन पसरत असेल तर ती बहुधा बुरशी नसून कॉलम्नॅरिस जिवाणू असतो. व्हाइट स्पॉटला तापमान वाढवतात, त्या सवयीने इथेही वाढवलं तर तो आणखी फोफावतो. गुदद्वाराशी लाल धागे म्हणजे कॅमॅलॅनस जंत. त्यावर लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल, तेही सगळ्या टाकीला, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. तांबं असलेल्या औषधाने गोगलगायी आणि कोळंबी मरतात. ‘असू दे’ म्हणून अँटिबायोटिक टाकू नका, त्याने फिल्टरचे जिवाणूही मरू शकतात.

१०. पिल्लं फार झाली तर

होतीलच. छंद असणाऱ्यांना द्या, विक्रेत्याला विचारा, किंवा मॉस काढून टाका आणि मोठ्या माशांना निसर्गाप्रमाणे वागू द्या. ओढ्यात, तळ्यात, विहिरीत सोडणं मात्र वर्ज्य. डास आवरतील म्हणून गप्पी जगभर सोडले गेले. मूळचे ते त्रिनिदाद, व्हेनेझुएला आणि आसपासच्या, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले. आज अनेक देशांच्या पाण्यात ते ठाण मांडून आहेत आणि तिथल्या स्थानिक माशांवर त्यांचा ताण पडतो.

पैदास थांबवायची असेल तर नर-मादी वेगळे करा आणि धीर धरा. साठवलेल्या शुक्राणूंवर माद्या पुढचे काही महिने वेत देत राहतील. त्यातही दर वेताची पिल्लं चौथ्या आठवड्याआधी निवडून काढावी लागतील, नाहीतर माद्यांच्या टाकीत जन्मलेले नरच पुढचा नंबर लावतात.